चाळीस मानकरी आणि काळी गच्ची

सावली काळी असते, म्हणजे काळं ते थंड, असा शोध भुजंगराजांना ऐन वैशाखात लागला आणि उंबरदरीतल्या प्रत्येक घराचं छत तेलात खललेल्या काजळीनं रंगवायचा हुकूम सुटला. पहिली रंगली ती राजवाड्याची गच्ची. दरबारातल्या चाळीसही मानकऱ्यांनी लगेच सांगून टाकलं, की आता भर दुपारी अंगावर शाल घ्यावी लागते.

भिवराचं छत काळं झालं आणि घराची भट्टी झाली. सहा महिन्यांची तान्ही घामोळ्यांनी लालेलाल झाली, दूध तोंडात धरेना. भिवराला आधी स्वतःचाच संशय आला. दुपटं जाड असेल, आपल्याच खाण्यात काही उष्ण आलं असेल, आपल्याला मूल सांभाळताच येत नसेल. शेजारणींना विचारलं, तर पदरानं वारा घेत त्या म्हणाल्या, छान गारवा आहे की! अख्ख्या गावाला गार आणि आपल्यालाच उकडतंय, म्हणजे आपलंच डोकं फिरलेलं असणार. पण तान्हीही रडत होती, आणि तिला महाराजांचा आदर करायला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

भिवराचं माहेर चुना भाजणाऱ्यांचं. चौथ्या दिवशी पहाटेच तिनं गाडग्यातला चुना कालवला आणि छत पांढरं करून टाकलं. दुपारी तान्ही पोटभर प्यायली, झोपली. संध्याकाळी शिपाई दारात! राजवाड्यावरून काळ्या गावात तो एकच पांढरा ठिपका दिसत होता.

दरबार गच्चीवर भरला होता. महाराजांसमोर अनवाणीच जायची रीत. जिन्याखाली जोड्यांचा ढीग पाहत भिवरानं आपल्याही वहाणा तिथंच काढल्या. वर जोडे फक्त महाराजांच्या पायात, जाड तळाचे, जरीचे.

घर पाडावं, असं कारभारी भानजीपंतांचं मत पडलं. महाराज म्हणाले, ‘‘माझे चाळीस मानकरी म्हणतात काळं गार. तू एकटी म्हणतेस पांढरं. उद्या सूर्य मावळायच्या आत यांतला एक तरी माणूस तुझ्या बाजूला आण. नाहीतर घर गेलं म्हणून समज.’’

मानकरी खो खो हसले. अकरा वर्षांत त्यांतला एकही महाराजांना नाही म्हणाला नव्हता. महाराज एकदा चुकून उंटाला गाय म्हणाले, तेव्हा भानजीपंतांनी त्या गाईचं दूध मागवलं होतं.

भिवरानं दोनच मागण्या केल्या. अर्ध्या गच्चीला चुना लावू द्यावा. आणि उद्या भर दुपारी, दरबारच्या रीतीप्रमाणेच, ज्याला जो रंग गार वाटतो त्यानं त्यावर मुकाट उभं राहावं. महाराजांना गंमत वाटली. हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चुना लावून झाल्यावर भिवरा सकाळभर आभाळाकडे पाहत होती. ढग आला तर? आपलंच चुकलं असेल तर?

ढग आला नाही. सूर्य माथ्यावर आला आणि महाराजांपाठोपाठ चाळीसही मानकरी ताठ मानेनं काळ्या भागावर जाऊन उभे राहिले. पांढऱ्यावर भिवरा, कडेवर तान्ही.

आधी सेनापतींनी एक पाय उचलला. मग दुसरा. कुणी टाचांवर, कुणी चवड्यांवर, कुणी शेजाऱ्याच्या पायावर. भानजीपंत हसतमुखानं नाचू लागले. ‘‘गार आहे, महाराज, फारच गार,’’ म्हणत त्यांनीच पहिली उडी मारली, ती थेट भिवराच्या शेजारी! पाठोपाठ उरलेले एकोणचाळीस.

काळ्यावर महाराज एकटेच राहिले. ‘‘काय झालं रे तुम्हाला? मला तर काही भाजत नाही!’’

भिवरा खाली बघत म्हणाली, ‘‘आपल्या पायात जोडे आहेत, महाराज.’’

महाराजांनी एक जोडा काढला, पाय टेकवला, आणि लंगडी घालत जे निघाले ते पांढऱ्यावर येऊन भानजीपंतांच्या गळ्यातच पडले.

‘‘पंत, काळं कसं काय वाटलं?’’

‘‘पहिल्यापासून जरा ऊबदारच वाटत होतं, महाराज.’’

महाराज इतके हसले, की पगडी घरंगळून काळ्या भागावर गेली आणि ती आणायला कुणीच पुढं होईना.

तान्हीला चांदीचे वाळे मिळाले. गावाला सरकारी भट्टीतला चुना मिळाला. आणि गावातली झाडून सारी काळी छतं पांढरी करायचं काम मिळालं चाळीस मानकऱ्यांना, दरबारच्या रीतीप्रमाणे, अनवाणी.