हौद पाणी पितो

“माझं मेलं कुणी खरं मानत नाही!” फार फार मागे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक बाई रोज असं ओरडायची. कारणही तसंच होतं.

गावाच्या बागेत मातीचा हौद होता. झऱ्याचं पाणी त्यात साठायचं आणि त्यावर सगळी बाग जगायची. पण संध्याकाळी काठोकाठ भरलेला हौद सकाळी अर्धा! पाटील म्हणाले, “पाणी चोरीला जातंय. हौदाशेजारी माळी राहतो. तोच चोर.”

माळी म्हणजे या बाईचा जावई.

“जावई माझा आळशी आहे, चोर नाही!” बाई चावडीवर कडाडली. “चोरी करायला पहाटे उठावं लागतं, ते त्याला जमायचं नाही. हौदच पाणी पितो. मातीच्या भिंतीतून झिरपतं ते.”

लोक खदाखदा हसले. “हौद पाणी पितो म्हणे! मग जेवतो काय?”

पाटलांनी निकाल दिला. होळीपर्यंत पाणी टिकलं नाही, तर माळ्यानं बायकापोरांसह गाव सोडायचं. बाईची एकुलती एक लेक त्या घरात. बाईनं पदर खोचला.

तिच्या माहेरी जमिनीला आणि गच्चीला चुन्याचा कोबा असे. भाजलेला चुना, विटांचे तुकडे, खडी आणि गुळाचं पाणी एकत्र कालवायचं, पसरायचं आणि लाकडानं चोपत राहायचं. पुढे त्याचा दगड होतो. बाईनं मातीचा हौद उकरून टाकला आणि लेक-जावयाला कामाला जुंपलं.

“सासूबाई, जरा बसू का?” जावई धापा टाकत म्हणाला.

“बस की. गाव सोडून जाशील तेव्हा वाटेत बस.”

तो पुन्हा चोपायला लागला.

कोब्याचा हौद झाला. बाईनं त्यावर ओलं गोणपाट पसरलं आणि सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी पाजू लागली. पाटील बघायला आले. “अगं बाई, ओलं कधी पक्कं होतं का? वाळू दे की!”

“चिखल वाळतो, पाटील. कोबा मुरतो. वाळवाल तर तडकेल.”

पाटील मान हलवत निघून गेले. एका दुपारी बाई जेवून परतली, तर एका कोपऱ्यावरचं गोणपाट बाजूला फेकलेलं. कोपरा उन्हात पांढराफटक पडला होता. शिव्या देत तिनं तो पुन्हा झाकला.

होळीला हौद भरला. सकाळी पाहतात तो पाणी चार बोटं खाली!

“धरा त्या माळ्याला!” पाटील गरजले.

लेकीनं डोळ्यांना पदर लावला. बाई मात्र हौदाभोवती फिरली. भिंत बाहेरून सगळीकडे कोरडी. फक्त त्या कोपऱ्यात वरच्या बाजूला केसाएवढी चीर, आणि तिच्याखाली ओल.

“बघा! पाणी चिरेपर्यंत उतरलं आणि तिथंच थांबलं. चोर कधी चिरेपाशी थांबतो का?”

तेवढ्यात त्या कोपऱ्यातला एक बेडूक बोलला. “तिथं ओल्या गोणपाटाखाली मी झोपलो होतो हो. कुणीतरी माझं पांघरूण ओढलं आणि म्हणालं, ‘ओलं कधी पक्कं होतं का?’”

सगळ्या माना पाटलांकडे वळल्या. पाटलांचे कान लाल झाले. “मी... भल्यासाठीच वाळत घातलं होतं.”

“माझी लेकही भल्यासाठीच गावाबाहेर घालवत होतात का?” बाईनं विचारलं.

पाटलांनी हात जोडले. माळी गावातच राहिला. चीर चुन्यानं बुजवली आणि हौद काठोकाठ राहू लागला. हौदातून खापराची नळी बागेच्या खालच्या अंगाला नेली, तर तिथं पाणी कारंजं होऊन उडायला लागलं. जास्वंदी डवरल्या. मग घरोघरी कोबा आला. गच्च्या गळेनात, उंदरांना जमीन उकरता येईना. स्वतःच्या गच्चीला पाटील जातीनं पाणी घालत. गोणपाटाला कुणी हात लावला की काठी उगारत.

लहानांनो, थोरांनो, ध्यानात ठेवा: माणसावर बोट ठेवण्याआधी भिंत तपासा, आणि जे पक्कं हवं त्याला मुरायला वेळ द्या.

बुजवलेल्या चिरेचा पांढरा वण हौदावर अजून दिसतो. गावानं त्याला पाटलांचंच नाव ठेवलंय: सुभानराव.