तिसऱ्या कडव्यानंतर मागे येऊ नये

कोरडवाडीच्या ख्रिस्ती देवळाला दगडी मनोरा आहे, पण मनोऱ्यात घंटा नाही. घंटा आहे ती देवळापासून हाकेच्या अंतरावर, विहिरीच्या काठाला, जिथे एके काळी मोटेचे चाक होते तिथे टांगलेली. मनोऱ्यात पारवे राहतात. ते दर रविवारी उपासनेला न चुकता हजर असतात, आणि एवढे सगळ्याच सभासदांबद्दल म्हणता येणार नाही.

पाहुण्याला कोड्यात टाकणारी दुसरी गोष्ट म्हणजे इथले लाडके गीत. छापील पुस्तकात त्याच्या प्रत्येक कडव्यानंतर धृपद आहे. कोरडवाडीत मात्र तिसऱ्या कडव्यानंतर धृपद म्हणत नाहीत. शहरातला पाहुणा सवयीने ते सुरू करतो आणि सगळी मंडळी त्याच्याकडे अशी पाहते, की जणू त्याने दानपेटीत हात घातला. मग उपासना सुटल्यावर मंडळीतले सर्वांत वयस्कर सायमनआबा त्याला विहिरीच्या काठावर बसवतात, पुढ्यात चहा ठेवतात आणि लाजरस पाटोळ्याची हकीकत सांगतात. चहा गार होतो. हकीकत होत नाही.

लाजरस हा मिशनच्या विहिरीवर मोट हाकणारा गडी. ही विहीर नव्या ख्रिस्ती मंडळीने स्वतः खणलेली, कारण वरच्या आळीच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवू देत नसत. बाप्तिस्म्याने त्यांची नावे बदलली होती. पाटलांचे मत बदलले नव्हते. लाजरसाचा आवाज मोठा, अंगकाठी लहान आणि स्वतःबद्दलचे मत आवाजापेक्षाही मोठे होते. आपल्या बैलांची नावे त्याने बायबलातल्या दोन महाबली वीरांवरून शमशोन आणि गल्याथ ठेवली होती. गल्याथ जरा भित्रा होता म्हणे.

त्या काळी इथे मेरिल नावाचे मिशनरी साहेब होते. त्यांनी आपल्या आईचे एक आवडते गीत मराठीत उतरवले होते. त्यात समुद्र होता, वादळ होते, नांगर होता आणि शेवटी बंदर होते. चाल अशी लांबलचक, की एका ओळीच्या सुरुवातीला डोळे मिटलेला माणूस ओळ संपेपर्यंत झोपी जाई. देवळात नाथान मास्तर ती हार्मोनियमवर वाजवत. कोरडवाडीत समुद्र कोणी पाहिला नव्हता. पावसाळ्यातला ओढा हेच काय ते त्यांचे अथांग पाणी, आणि तेही वर्षाआड.

लाजरसाने ते गीत मोटेवर नेले. तिथे समुद्राची विहीर झाली, नांगराचा दोर झाला, बंदराचा काठ झाला आणि चाल झाली मोटेची, त्या पंचक्रोशीतले सगळेच मोटकरी गात ती:

खोल माझी विहिर, देवा, दोर माझा तोकडा,
वाकुनी तू घे वरी रे, रिक्त माझा हा घडा.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी आबा इथे थांबून हातवारे करतात. मोट म्हणजे पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी, आणि विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी वाट म्हणजे धाव. बैल धावेवरून पुढे उतरले की भरलेली मोट वर येते. ती रिकामी झाली की बैल तोंड न वळवता, पाठमोरे, मागे मागे काठापर्यंत येतात आणि मोट पुन्हा पाण्यात जाते. लाजरस पुढे जाताना कडवे म्हणे आणि मागे येताना धृपद:

मागं ये रे, मागं ये रे, देव उभा काठाला.

बैलांना ते इतके अंगवळणी पडले, की कडवे ऐकले की पुढे आणि धृपद ऐकले की मागे. चाबूक खुंटीलाच राही. हळूहळू बायका दळताना तेच गाऊ लागल्या. शेजारच्या शेतांतले वरच्या आळीचे मोटकरीही गाऊ लागले. त्यांना ते कुठून आले याची चौकशी करायची गरज वाटली नाही, आणि वाटली असती तर गाणे बंद करावे लागले असते.

देवळात मात्र मास्तर संतापले. ‘‘साहेबांच्या मातोश्रींचे गीत तू बैलांना ऐकवतोस?’’

‘‘बैल ऐकत्यात तरी, मास्तर,’’ लाजरस म्हणाला. ‘‘तुमच्या वेळंला निम्मं देऊळ घोरतंय.’’

हे वाक्य तो न बोलता तर कदाचित पुढचे काही घडले नसते, असे सांगतात. मंडळीचे पंच बसले आणि ठरले, की लाजरसाने ते गीत त्या चालीवर कुठेही गाऊ नये; ना देवळात, ना मोटेवर. साहेबांनी हा निकाल मोडला नाही. आईचा समुद्र असा विहिरीत बुडालेला पाहून त्यांनाही लागले असावे.

लाजरस मुका झाला. मोट अडली. त्याने बैलांना मास्तरांची चाल ऐकवून पाहिली, तेव्हा शमशोन रवंथ करत खाली बसला. मिशनचा मळा वाळू लागला. त्याची बायको मार्थाबाई म्हणाली, ‘‘पंचांनी येवढंच कशाला थांबवलं? घरातलं बोलणंबी बंद करायचं व्हतं.’’ पण रात्री तो जेवायला बसला की ती भांडी घासता घासता तेच गाणे गुणगुणे, आणि तो भाकरीकडे पाहत राही. आपले गाणे देवळात एकदा तरी सगळ्या मंडळीच्या तोंडून ऐकावे, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती, कारण मग नम्रतेवरचे प्रवचन ऐकावे लागले असते.

अशात साहेबांच्या देशातून मनोऱ्यासाठी घंटा आली. रविवारी मोठे पाद्रीसाहेब येऊन ती देवाला अर्पण करणार होते. रस्त्यावरून देवळाकडे गाडी आणायची तर काळ्या भुसभुशीत रानात चाके रुतली असती. पक्की जमीन एकच, विहिरीच्या धावेची. गाडीला शमशोन आणि गल्याथ, आणि कासरा लाजरसाच्या हातात. काठाजवळून गाडी धावेवर आली तेव्हा मास्तरांनी हात वर केला. इथे घंटेला हार घालायचा, गीत गायचे आणि मग पुढे जायचे. वरच्या आळीचे लोक बांधावरून बघत होते, त्यांनाही जरा ऐश्वर्य दिसावे.

मास्तरांनी गळ्यात हार्मोनियम अडकवून समुद्राची चाल धरली. पुढच्या दोन रांगा समुद्रातच राहिल्या. मागच्या बायका मात्र दुसऱ्या ओळीला नकळत मोटेच्या चालीवर घसरल्या. त्यांच्यामागे पुरुष घसरले, आणि कडवे संपता संपता हार्मोनियम एकीकडे आणि सगळी कोरडवाडी दुसरीकडे. आपले गाणे, सगळ्या मंडळीच्या तोंडून! लाजरसाचा ऊर भरून आला. त्याने डोळे मिटले. हातातला कासरा सैल झाला. आणि मंडळीने मोठ्या भक्तीने धृपद घेतले.

मागं ये रे, मागं ये रे.

शमशोन आणि गल्याथ आज्ञाधारक होते. ते मागे आले. लाजरसाने डोळे उघडून कासरा ओढला तोवर गाडीची मागची फळी विहिरीवर पोचली होती. गाडी वाचली, बैल वाचले. घंटा हारासकट आत गेली. तिचा पहिला टोल कोरडवाडीने ऐकला तो पाण्याखालून.

बांधावरून वरच्या आळीचे तुळाजी पाटील ओरडले, ‘‘काय रे लाजऱ्या, देवाला आंघोळ घातली का?’’

पंच तिथेच बसले. मास्तर म्हणाले, ‘‘गाण्याने घंटा बुडवली. रविवारच्या आत ती वर आली नाही, तर हे गाणे मंडळीतून कायमचे गेले, आणि ते करणाराही गेला.’’ चूक आपली आहे हे लाजरसाला ठाऊक होते. कासरा त्याच्या हातात होता.

दोन दिवस माणसांनी हाताने दोर ओढला. मास्तर समुद्राची चाल म्हणत, पण तिच्यात कोणत्या अक्षराला जोर लावायचा हे कोणाला कळेना. निम्मे ओढत तेव्हा निम्मे श्वास घेत. घंटा जरा उचले आणि परत आदळे. एकदा तिच्या काठाचा टवका उडाला. शनिवारी दुपारी सगळ्यांच्या तळहातांची साले निघाली आणि माणसे सावलीला जाऊन बसली.

लाजरस एकटाच उठला, विहिरीत उतरला आणि देवळाच्या छताच्या तुळया चढवायला आणलेला जाड नाडा त्याने घंटेला आवळून बांधला. वर येऊन तो ओलेत्यानेच बांधाकडे चालू लागला. पाटलांपुढे असा कोणी बोलावल्याशिवाय जात नसे.

‘‘पाटील, बैल पायजेत. माझी एक जोडी पुरायची न्हाई.’’

‘‘तुमच्या घंटेला आमचे बैल?’’

‘‘तुमच्या बैलांना माझं गाणं चालतंय. माझ्या घंटेला तुमचे बैल का चालू नयेत?’’

पाटलांनी आपल्या मोटकऱ्याकडे पाहिले. मोटकऱ्याने जमिनीकडे पाहिले. ‘‘त्ये गाणं ह्यांचं हाय व्हय रे?’’ पाटलांनी विचारले. मोटकरी म्हणाला, ‘‘असंल, पाटील. पण त्याच्याबिगर बैल हालत न्हाईत.’’ पाटील आधी रागावले, मग हसले, आणि हसणे थांबल्यावर म्हणाले, ‘‘सोड बैल. बघू तरी.’’

वरच्या आळीच्या पाच जोड्या धावेवर आल्या. मिशनची एक. चाकाची जुनी चौकट काढून तिथे बाभळीचे दणकट लाकूड रोवले गेले. नाडा ताणला. आता गायचे, की झाले. पण लाजरस गाईना.

‘‘बंदी हाय,’’ तो म्हणाला.

मार्थाबाईने कपाळाला हात लावला. ‘‘ह्याला आजच नेम पाळायचा सुचला!’’

मास्तरांनी पंचांकडे पाहिले, पंचांनी साहेबांकडे. मेरिल साहेब धावेवर उतरले आणि लाजरसाजवळ उभे राहिले. ‘‘लाजरस, माझे वडील खलाशी होते. ते समुद्रावर गेले की आई हे गीत गात असे. ते परत यावेत म्हणून.’’

‘‘आले का?’’

‘‘शेवटच्या वेळी नाही आले.’’

लाजरसाने ताणलेल्या नाड्यावर हात ठेवला. ‘‘मंग ह्या खेपंला आणू, साहेब.’’

तेव्हा म्हणे साहेबांनीच सुरुवात केली. मोटेची चाल, त्यांच्या त्या अडखळत्या मराठीत: ‘‘खोल माझी विहिर, देवा.’’ सूर पार चुकला होता. लाजरसाला तो सहन झाला नाही आणि त्याने पुढचा शब्द उचलला. त्याबरोबर सहा जोड्यांनी पाय रोवले.

दोन्ही आळ्या गाऊ लागल्या. घंटा पाण्याबाहेर आली आणि विहिरीच्या दगडांना लागून वाजू लागली; प्रत्येक ओळीला एक टोल. लाजरसाने आधीच बजावले होते, की कडव्यामागून कडवे घ्यायचे, धृपद कोणी काढायचे नाही. धृपद काढले की सगळे मागे. पण भार मोठा, बैल मुंगीच्या पावलाने चाललेले. पहिले कडवे संपले, दुसरे संपले, तिसरे संपत आले आणि घंटा अजून काठाखालीच. गीताला कडवी तीनच होती.

तिसऱ्याची शेवटची ओळ संपली. सगळ्या जमावाने सवयीने श्वास घेतला, तो धृपदासाठी. गल्याथने तर एक मागचा पाय उचललाही. सायमनआबा इथे नेहमी थांबतात आणि पाहुणाही श्वास घेऊन थांबतो.

लाजरसाने डोळे मिटले नाहीत. एका बाजूला मिशनची माणसे, दुसऱ्या बाजूला पाटलांची, आणि नाड्याच्या टोकाला सगळ्यांचे सरमिसळ झालेले हात, हे त्याला समोर दिसत होते. जमावाच्या तोंडून ‘म’ निघायच्या आत त्याने अख्ख्या छातीने आवाज लावला:

दोर एकच, हात सारे, कोण वरचा, खालचा?
हात ज्याने लाविला रे, तोच देवा, आमचा.

गल्याथचा पाय पुढे पडला. लाजरसाने तेच कडवे पुन्हा घेतले, आणि आता ते सगळ्यांनी उचलले. तुळाजी पाटलांनी पागोटे काढून नाड्याला हात घातला. तिसऱ्यांदा ते संपले तेव्हा घंटा काठावर उभी होती. कोणीतरी खाली तुळया सारल्या आणि एवढा जल्लोष झाला, की पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन धावत आले. त्यांना वाटले, मारामारी.

घामाने निथळत पाटील मार्थाबाईपुढे आले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. तिने घागर वाकवली. ते त्या विहिरीचे पाणी प्याले, सगळ्यांदेखत. वरच्या आळीत याबद्दल आजवर दोन मते आहेत, पण पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांच्या घागरी या विहिरीवर येतात याबद्दल एकच आहे.

मास्तर हार्मोनियम कवटाळून बसले होते. ते साहेबांना हळूच म्हणाले, ‘‘त्या चौथ्या कडव्यात शास्त्राच्या दृष्टीने काही त्रुटी आहेत.’’

‘‘असतील, नाथान,’’ साहेब म्हणाले. ‘‘उद्या पहिले तेच घ्या.’’

आणि रविवारी मोठ्या पाद्रीसाहेबांसमोर देवळात तेच गीत झाले, मोटेच्या चालीवर, नाथान मास्तरांच्या हार्मोनियमसकट. लाजरस पहिल्या रांगेत बसला होता. तो गायला नाही. नुसता ऐकत राहिला, आणि म्हणे आयुष्यात एवढा वेळ तो गप्प कधीच बसला नव्हता.

घंटा मनोऱ्यात न्यायचे मात्र राहून गेले. न्यायची तर गाडीत घालून धावेवरूनच न्यावी लागली असती, आणि कासरा धरायला एकही माणूस पुढे आला नाही. शिवाय पाटील म्हणाले, ‘‘आमच्या बैलांनी काढलीय. आम्हाला दिसंल अशी राहू द्या.’’

गीत पुढे दूर गेले. नगर, पुणे, मुंबईच्या देवळांत गेले, पुस्तकांत छापले गेले, लग्नांत आणि मयतींत गायले जाऊ लागले. कर्त्याच्या नावाच्या जागी बरीच वर्षे ‘जुनी चाल’ एवढेच छापत. लाजरसाला हे कळते तर तो छापखान्यापर्यंत चालत गेला असता.

आता विहिरीवर वीजपंप आहे, धाव बुजत आली आहे आणि आबा सोडले तर गावात मोट पाहिलेला माणूस उरलेला नाही. पण आजही कापणीच्या सणाला दोन्ही आळ्या विहिरीभोवती जमतात. कडव्याला पावले पुढे टाकतात, धृपदाला पाठमोऱ्या मागे येतात. आजही घंटेचा आवाज टवक्यापाशी जरा घोगरा होतो. आणि आजही तिसरे कडवे संपले की सगळा जमाव धृपदासाठी श्वास घेतो, तो तसाच धरून ठेवतो, आणि एक पाऊल पुढे टाकून चौथे सुरू करतो.