नवरदेव आणि डॉक्टर

चिपळूणच्या शेवंता शिगवणने कुंभार्ली घाटात जपानी गाडी भाड्याने चालवून संसार उभा केला. आता लेकीलाही गाडी घेऊन द्यायची होती. लेकीच्या हट्टापायी दोघी दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये गेल्या. दारात उभी केलेली तिची जुनी गाडी बघून मालक खानविलकर चारचौघांत हसले.

"ताई, अजून त्या जपानी गाडीलाच कवटाळून बसलात? आमच्या गाडीला चोवीस तास मेकॅनिक फुकट! कुठल्याही घाटात धावत येईल."

शेवंता म्हणाली, "साहेब, स्थळ बघायला गेलात आणि नवरदेवाशेजारी डॉक्टर बसलेला दिसला, तर मुलगी द्याल का?"

शोरूममध्ये हशा पिकला. लेकही हसली आणि हट्ट सोडून बाहेर पडली.

पाडव्याला लेकीनं नवी जपानी गाडी घाटात घातली. शेजारच्या सीटवर शेवंता पहिल्यांदाच निवांत झोपली होती.