बगळ्याची ताजी बातमी

फार पूर्वी एका तळ्यात, मान उंच म्हणून, बातम्या सांगायचं काम बगळ्याकडे होतं. एके सकाळी तळ्याचं पुढारी कासव म्हणालं, "खेकड्यांनी बांध पोखरलाय, आणि बगळा ते आपल्यापासून दडवतोय."

"कासवदादांना हल्ली सगळीकडे कटच शिजताना दिसतात!" बगळा म्हणाला. मासे खो-खो हसले.

"माझं ऐकू नका, त्याचंही ऐकू नका," कासव म्हणालं. "बांध हाकेवर आहे. बघून या."

पाणकोंबडी तेवढी गेली. परत येऊन म्हणाली, "भोकं आहेत. पलीकडच्या चिखलात वाहून गेलेले मासे तडफडताहेत, आणि त्यांच्याभोवती बगळ्याच्या पायांचे ठसे आहेत."

बगळ्यानं घसा साफ केला. "ताजी बातमी! पाणकोंबडीचंही डोकं फिरलं!"

पण ऐकायला तिथं कोणी उरलंच नव्हतं. सगळे बांधाकडे निघाले होते.