जागल्याचं छप्पर

फार फार मागे नदीच्या वळणावर कुंभारांचं एक गाव होतं. गावाखाली काठावर एक काळा दगड रोवलेला होता. त्याला सगळे देव मानत, जागल्या म्हणत. पूर्वजांनी नियमच घालून दिला होता: जागल्याचे पाय भिजले की मडक्यांचा पेटता आवासुद्धा सोडून टेकडीवर जायचं.

बहुतेक वेळा पाणी दगडापाशीच थांबे. लोक परत येत, विझलेल्या आव्यातली कच्ची मडकी पाहून चरफडत. तरी पुढच्या वेळी चढत.

एकदा गावच्या कारभाऱ्याला वाटलं, देव दरवर्षी गाळात उभा, हे काही बरं दिसत नाही. त्याने जागल्याला उचलून चावडीच्या उंच ओट्यावर बसवलं, वर कौलारू छप्पर घातलं. आता आवेही विझेनात. गाव खूश झालं.

त्याचा व्याही, एक म्हातारा कुंभार, तेवढा बोलला, "कारभारी, त्याला कोरडा ठेवलात, तर तो आपल्याला सांगणार कसा?"

"तुम्हाला देवाचं सुख बघवत नाही का?" कारभारी म्हणाला. लोक हसले.

पुढच्या श्रावणात नदी तांबडी झाली. म्हातारा लेकीच्या दारात गेला. तिचे दिवस भरत आले होते.

"पोरी, वर चल."

"बाबा, सासरे म्हणतात, जागल्या अजून कोरडा आहे. आणि आवा आत्ताच पेटवलाय."

म्हातारा आपल्या पांगळ्या बायकोला टेकडीवर पोचवून लेकीला न्यायला परत निघाला, तर वाटेतला ओढा भरून वाहत होता. त्याला ओलांडता येईना. तो काठावरून लेकीला हाका मारत राहिला.

दुपारी जागल्याचे पाय भिजले. गाव नियमाप्रमाणे पळालं, पण वाट उरली नव्हती. खालची आळी तर केव्हाच गेली होती. कारभारी वाचला, तो जागल्याच्या छपरावर चढून. सून वाचली नाही.

राजाने धान्य पाठवलं, घोंगड्या पाठवल्या. भरपूर पाठवल्या. त्या पांघरायला माणसं थोडी होती.

पाणी ओसरल्यावर कारभाऱ्याने एकट्याने दगड उचलला. "कुठे ठेवू?" त्याने व्याह्याला विचारलं.

"होता तिथंच. गाळात," म्हातारा म्हणाला. त्यानंतर तो कारभाऱ्याशी कधी बोलला नाही.

तात्पर्य एवढंच, की इशारा देणाऱ्याला सगळ्यांच्या आधी भिजू द्यावं. तो कोरडा राहिला, तर माणसं बुडतात.