चुंबळीचा धोंडा

मांडरे गावाच्या भातशेतीत, समुद्रापासून पाऊण कोसावर, एक काळा गोल धोंडा आहे. त्याच्या मध्यभागी खळगा आहे. डोक्यावर ओझे घेण्यापूर्वी बायका फडक्याची चुंबळ करून ठेवतात, तसा त्याचा आकार. खालच्या अंगाला कालवांची जुनी कवचे चिकटलेली आहेत. आपण विचारलेत, शेतात कालवे कशी? बसा. त्या पिशव्या आधी खाली ठेवा.

असे सांगतात की फार पूर्वी हा धोंडा समुद्रात होता. शिरवंती नदी घाटातून उतरे ती धावतच येई आणि आपली सारी माती घेऊन थेट खोल पाण्यात जाई. गाव वर कातळावर. तिथे गवताशिवाय काही उगवत नसे. तांदूळ वरच्या गावांतून होडीने येई, आणि पावसाळ्यात होडी बंद.

अशाच एका श्रावणात येसू नावाच्या बाईची सासू गेली. शेवटचे तीन दिवस ती पेज मागत होती. अशक्तपणाने तिची मान थरथरे, आणि घरात तांदळाचा कण नव्हता. सासूच्या दिवसांनंतर येसू रवळनाथापुढे उभी राहिली आणि नवस बोलली. बारा वर्षे, पाऊस उघडला की दररोज, नदीच्या वरच्या काठावरून मातीची एक पाटी आणून मी या किनाऱ्यावर ओतीन. वाटेत पाटी कुठेही टेकवणार नाही. टेकवली तर आधीचे सारे फुकट. बारा वर्षे पुरी झाली की, देवा, मूठभर भात पिकेल एवढी जमीन दे.

ती माती वाही आणि उधाण ती धुऊन नेई. दगडांचा बांध घातला, तोही फुटला. जाळी विणत बसलेले लोक हसत. "काय गो येसू, दर्याचा पोट भरला की नाय अजून?" ती पाटी सावरून पुढे जाई. पाटी डोक्यावर असताना बोलले की मान दुखते.

बाराव्या वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. शेवटची पाटी घेऊन ती उतरत्या उन्हात किनाऱ्याशी आली, तो या धोंड्यापाशी गुडघाभर पाण्यात एक म्हातारी उभी दिसली. लुगडे गढूळ, पदरातून पाणी निथळत होते, आणि डोक्यावर एवढी थोर पाटी की तिची मान दिसेना.

"बाये, हात लाव गो जरा. उतरव."

ओझे वाहणाऱ्यांना ठाऊक असते की भरलेली पाटी एकट्याने डोक्यावरून उतरवता येत नाही. दुसऱ्याचे दोन हात लागतात. येसूचे दोन्ही हात स्वतःच्या पाटीला होते.

"आजचा दिवस नको गो आये," येसू म्हणाली. "बारा वर्षांचा नवस आहे माझा. वीस पावले राहिली. ओतते नि येते."

"ये हो," म्हातारी म्हणाली. "पण मी थांबेन असा भरवसा नाय. मला थांबायची सवयच नाय. डोंगरापासून धावत येते. वाटेत सगळे पाणी मागतात, पाटीला हात कोणी लावत नाय."

येसू चार पावले पुढे गेली आणि तिने वळून पाहिले. पाटीखाली म्हातारीची मान थरथरत होती, सासूची थरथरत असे तशीच. मग येसू मागे आली आणि तिने वाकून आपली पाटी डोक्यावरून धोंड्यावर सरकवून टेकवली. त्या क्षणी बारा वर्षे गेली हे तिला पुरते कळले होते, असे आमचे वडीलधारे बजावून सांगत. तिने म्हातारीच्या पाटीला दोन्ही हात लावले, आणि दोघींनी मिळून ते ओझे पाण्यात उतरवले. म्हातारी क्षणभर टेकली. "आता दरसाल इथेच टेकेन," एवढेच म्हणाली आणि भरतीच्या पाण्यात दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी जमीन उगवली नाही. पाणी होते तसेच होते, आणि येसूची पाटीही भरतीने नेली होती. लोक म्हणाले, नवस मोडलास. तीही तेच मानत होती. तिने पुन्हा माती वाहिली नाही. अंगात त्राणच उरले नव्हते.

पुढचा पावसाळा सरला आणि आश्विनातल्या ओहोटीला धोंड्यापाशी सुपाएवढी तांबडी माती दिसली. दुसऱ्या वर्षी लुगडे वाळत घालण्याएवढी. येसूने तिथे मूठभर भात पेरला. तो खाऱ्याने करपला. ती गेली तेव्हाही जमीन खारीच होती. गोड व्हायला तीन पिढ्या लागल्या म्हणे. तिच्या पणतवंडांनी पहिली पेज या धोंड्याच्या खळग्यात ओतली. नवस मोडला की फळला, याचा निवाडा देवळात अजून झालेला नाही.

आपल्याला दिसतो तो शिरवंतीच्या ओझ्याचा नुसता काठ. आमचे दर्यावर जाणारे खारवी सांगतात, बुडाशी मेण लावलेले शिसे दोरीने सोडले, तर शंभर वाव खोलीपर्यंत हीच घाटातली माती मेणाला लागून वर येते. समुद्राखालीही ती थरावर थर टेकत गेली आहे. त्यापुढे तळ एकदम खोल जातो आणि दोरी पुरत नाही. संत सांगतात की देहाचे ओझे नामापाशी उतरवावे. मी ऐंशी वर्षे ते ऐकतो आहे. उतरवणाऱ्याला किती युगे लागतात, हे मला या मातीने शिकवले.

आता वर धरण झाले आहे. शिरवंतीची पाटी तिथेच अडते आणि ती रिकामी येते. गेल्या दहा वर्षांत समुद्राने दोन बांध परत नेले.

तरी आजही भाद्रपदाच्या अमावास्येला गावच्या बायका ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उतरतात आणि दोन्ही हात उंच धरून, न बोलता, भरती लागेपर्यंत उभ्या राहतात. माझी सून यंदाही गेली होती. हात भरून आले म्हणाली, ओझे काही आले नाही. पुढल्या वर्षी पुन्हा जाईल. आणि आजही मांडऱ्यात कोणी ओझे घेऊन आला, तर नाव-गाव नंतर विचारतात, आधी हात लावतात.

निघालात? थांबा, ती पिशवी एकट्याने उचलू नका. माझे हात थरथरतात खरे, पण आहेत दोन.