सगळं झालेलं घरटं

ओढ्याकाठच्या बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत असे. नाव ऐकून बाई डोळ्यांपुढे आली ना? फसलात! सुगरणीचं घरटं विणतो तो नर. आणि हा नर तर कामाला अगदी वाघ. शेजारी नायलॉनच्या दोरीचे तुकडे गुंफू लागला, की हा चोच मुरडून म्हणे, "अरे, उन्हात तापेल ते! पिल्लं भाजून निघतील." स्वतः मात्र तो शिंदीच्या पानांचे ओले दोरे काढून आणी, आतून चिखल लिंपी आणि वाऱ्याची दिशा पाहूनच दाराची बाजू ठरवी.

आता या पक्ष्यांची रीत अशी, की घरटं टोपीएवढं विणायचं आणि थांबायचं. मादी येते, आत बसते, काड्या ओढून पाहते. तिला पसंत पडलं, तरच पुढचं काम. आमच्या पठ्ठ्याला धीर कुठला! "अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही," असं म्हणून त्यानं खालची लांब नळीसुद्धा विणून टाकली. भर दुपारीही आत छान गारवा असे.

एके सकाळी एक मादी आली. नळीतून आत चढली, घटकाभर बसली.

"सुरेख आहे हो," ती म्हणाली, "पण अंड्यांची जागा मला जरा खोल हवी होती."

"आता कसं होणार? सगळं झालंय. तुम्ही फक्त राहायला या."

"म्हणजे मी पाहुणीच की!" असं म्हणून ती शेजारच्या वेड्यावाकड्या, अर्ध्या घरट्यात गेली. तिथला नर विचारत होता, "दोरी टोचते का? काढू?" दोघांनी मिळून ती दोरी उपसून फेकली.

दुसरी मादी आली, तीही गेली. तिसरी आलीच नाही. शेवटी त्यानं स्वतःच्याच चोचीनं नळी उसवली, घर पुन्हा अर्धं केलं आणि दिवसभर हाका मारल्या. पण तोवर घरोघरी अंडी झाली होती. फार एकटं वाटलं हो त्याला.

पुढे शेजारी पिल्लांना भरवणं सुरू झालं. त्या दिवशी यानंही एक नाकतोडा धरून आणला. चोचीत घेऊन बराच वेळ दारात बसला आणि मग स्वतःच खाल्ला.

तात्पर्य : ज्याच्यासाठी घर बांधायचं, त्याला काम अर्ध्यावर असतानाच विचारावं, नाहीतर घर उत्तम होतं आणि राहायला कुणी येत नाही.